जलद रांगेचा पास: आपण पैसे भरले की साध्या रांगेचं काय होतं?

झुळूक

थीम पार्कचं तिकीट काढून आत जायचं, आणि आत गेल्यावर राइडच्या रांगेत थांबायचं नसेल तर पुन्हा वेगळे पैसे भरायचे, ही पद्धत आता बहुतेक मोठ्या पार्कांत रुळली आहे. युनिव्हर्सलचा एक्सप्रेस पास, सिक्स फ्लॅग्जचा जलद रांगेचा पास, डिस्नेची लाइटनिंग लेन, पॅरिसच्या डिस्नेलँडमधला प्रीमियर अ‍ॅक्सेस. नावं निरनिराळी असली तरी मांडणी तीच. राइडला दोन वाटा, एक साधी आणि एक जादा पैसे भरणाऱ्यांची.

या विषयावर बोलणं निघालं की ते लगेच ठरलेल्या वळणावर जातं. एक बाजू म्हणते, ज्याला परवडतं त्याने घ्यावं, इतरांनी का जळावं? दुसरी म्हणते, पैसेवाल्यांचे लाड. मला जे खटकतं ते यापेक्षा वेगळं आहे, म्हणून हा धागा.

विमानात जास्त पैसे भरणाऱ्याला रुंद खुर्ची मिळते, कारण तशी खुर्ची तिथे खरोखर बसवलेली असते. राइडवर मात्र पास विकल्यामुळे एकही आसन वाढत नाही. तासाला जेवढी माणसं बसायची तेवढीच बसतात. म्हणजे पार्क मला जो वेळ विकतं तो पार्कने निर्माण केलेला नसतो. तो साध्या रांगेतल्या कुणाच्या तरी दिवसातून काढून मला दिलेला असतो. त्या माणसानेही प्रवेशाचे पूर्ण पैसे मोजलेले असतात. त्याला कुणी विचारत नाही आणि माझ्या पैशातलं काही त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही.

हे बंद करा असं मी म्हणत नाही. मला जाणून घ्यायचंय ते असं: किती पास विकले तर साध्या रांगेला ते सोसतं? आणि तो आकडा साध्या रांगेत उभं राहणाऱ्याला आधी कळायला नको का? ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


पाटीपेन्सिल

झुळूक, विषय चांगला काढलात, पण मी पास घेणाऱ्यांच्या बाजूने आहे आणि ते स्पष्ट मांडते.

रांग ही फुकट असते असं आपण धरून चालतो. तशी ती नसते. तिथेही किंमत मोजावी लागते, फक्त ती पायांनी, पाठीने आणि उन्हाने मोजायची. तासभर उभं राहणं पंचविशीतल्या मुलाला काहीच नाही. माझ्या आईला गुडघ्यांमुळे वीस मिनिटंही जड जातात. पार्कजवळ राहणारा, वर्षभराचा पास असलेला माणूस म्हणतो, आज गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात येऊ. लांबून एका दिवसासाठी आलेल्या कुटुंबाला ती सोय नाही. मग "आधी आला तो आधी बसला" हा नियम सगळ्यांना सारखा कसा? ज्याच्याकडे वेळ आणि ताकद आहे त्याला तो धार्जिणा आहे. पैसे ही निदान अशी गोष्ट आहे की ती साठवून, ठरवून, एखाद्या दिवसासाठी खर्च करता येते.

पास घेतला म्हणून कुणी माझ्याकडे चोरासारखं बघावं हे मला मान्य नाही.


लोलक

झुळूक यांचा "किती विकले तर सोसतं" हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर हिशेबाने काढता येतं आणि ते उत्तर अंदाजापेक्षा फार वेगळं निघतं.

रांगांच्या अभ्यासात एक साधं सूत्र आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. रांगेत सरासरी किती माणसं आहेत, तर येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. माणसं तितकीच आली आणि राइड तितक्याच वेगाने चालली, तर कुणाला पुढे घेतलं आणि कुणाला मागे ठेवलं याने सगळ्यांची मिळून सरासरी बदलत नाही. फक्त वाटणी बदलते.

आता समजा एका राइडवर एकच रांग असती तर प्रत्येकाला ३० मिनिटं थांबावं लागलं असतं. दोन रांगा केल्या, जलद रांगेतल्या माणसाला ५ मिनिटं लागतात असं धरू.

बसणाऱ्यांपैकी २० टक्के जलद रांगेतून आले तर साध्या रांगेतल्याला ३६ मिनिटं लागतात. म्हणजे सहाच मिनिटं जास्त, कदाचित त्याच्या लक्षातही येणार नाहीत. हाच वाटा ५० टक्के झाला की ५५ मिनिटं. ७० टक्क्यांना ८८ मिनिटं. ८० टक्क्यांना २ तास १० मिनिटं.

हे आकडे सरळ रेषेत चढत नाहीत, हे बघा. पहिल्या २० टक्क्यांनी सहा मिनिटं वाढवली. शेवटच्या १० टक्क्यांनी, म्हणजे ७० वरून ८० वर जाताना, ४२ मिनिटं वाढवली. कारण उघड आहे. वाचवलेला वेळ जितक्या जास्त लोकांना वाटाल, तितक्या कमी लोकांच्या डोक्यावर तो सगळा भार येऊन पडतो.

प्रत्यक्षात यापेक्षा थोडं वेगळं घडतं. साधी रांग फार लांब दिसली की काही जण उभेच राहत नाहीत, त्यामुळे ती एका मर्यादेपुढे वाढत नाही. उलट, एरवी रांग बघून निघून गेले असते असे लोक हातात पास आहे म्हणून राइडवर येतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात. पण मूळ चित्र तेच राहतं.

पाटीपेन्सिल, तुमच्या आईंनी पास घेतला याने कुणाचं बिघडत नाही. निम्म्या पार्कने घेतला की बिघडतं.


पाटीपेन्सिल

हा हिशेब मी असा कधी केला नव्हता. शेवटचं वाक्य मान्य.


खलाशी

मी काही वर्षं एका पार्कात राइडवर काम केलं आहे. पार्कचं नाव लिहीत नाही. झुळूक यांनी आतलं माहीत असणाऱ्यांनी लिहा म्हटलं म्हणून लिहितो.

दोन रांगा जिथे एकत्र येतात त्या जागेला आम्ही मर्ज म्हणायचो. तिथे एक माणूस उभा असतो आणि लोलक यांनी मांडलेली वाटणी त्याच्या हातातल्या इशाऱ्यावर ठरते. जलद रांगेतून इतके सोड, मग साध्या रांगेतून इतके. जलद रांग एका ठरावीक खुणेच्या मागे जाऊ द्यायची नाही, ही पहिली सूचना. ती खुणेच्या मागे गेली की साधी रांग थांबवायची. ज्यांना वाटतं की अमुक टक्के ठरवून दिलेले असतात आणि ते दिवसभर पाळले जातात, त्यांना सांगतो, आमच्याकडे तसं नव्हतं. पाळायची असायची ती जलद रांगेची वेळ. उरलेलं साध्या रांगेचं.

यातून काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. २४ आसनांची रोलर कोस्टरची गाडी घ्या. दर ९० सेकंदांनी एक गाडी सुटली तर तासाला ४० गाड्या, ९६० माणसं. आता लोकांना बॅग ठेवायला वेळ लागतोय, कुणाचा लॅप बार (मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा) बसत नाही, कुणी चष्मा शोधतोय, आणि सुटण्याची वेळ १२० सेकंदांवर गेली. तासाला ३० गाड्या, ७२० माणसं. २४० आसनं गेली. फलाटावर गाडी अडकली की मागची गाडी बाहेर ब्रेकवर उभी राहते, पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय ती आत घेता येत नाही. सुरक्षेसाठीच तशी रचना असते.

ही २४० आसनं कुणाची गेली? जलद रांगेतून तासाला ५०० माणसं येत असतील तर त्यांना हात लागत नाही. साध्या रांगेला आधी ४६० जागा मिळत होत्या, आता २२०. राइड पाव भागाने मंदावली आणि साधी रांग निम्म्याहून खाली आली. पाटीवर ६० मिनिटं बघून आत शिरलेला माणूस दोन तासांनी वर येतो आणि आम्हाला विचारतो, पाटी खोटी का लावता? पाटी लावली तेव्हा ती खरी होती.

सगळ्यात वाईट वेळ राइड बंद पडून पुन्हा सुरू होते ती. त्या मधल्या वेळात ज्यांची वेळ ठरलेली होती ते सगळे पासवाले एकदम येतात. त्यांचा हक्क शाबूत असतो आणि तो असायलाही हवा. पण ते संपेपर्यंत साधी रांग जागची हलत नाही. आतल्या लोकांना वाटतं राइड अजून बंदच आहे, आणि डोक्यावरून गाडी जाताना तर दिसते. तिथे उभं राहून रोज लोकांची तोंडं बघणं सोपं नसतं. मुलं विचारायची, काका, ते आत्ता आले, ते आधी का गेले? याचं उत्तर आम्हाला प्रशिक्षणात दिलेलं नव्हतं.

मर्जवरच्या मुलांवर कृपया चिडू नका, एवढंच मागणं. वाटणी त्यांनी ठरवलेली नसते.


मैत्रबन

खलाशी, प्रतिसाद फार आवडला. राइड बंद पडल्यानंतर रांग का हलत नाही हे आज समजलं.


चकवा

थोडा इतिहास लिहितो, कारण यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते.

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं तेव्हा प्रवेश वेगळा आणि प्रत्येक राइडचं तिकीट वेगळं होतं. त्याच वर्षी कूपनांची पुस्तिका आली. त्यात ए, बी, सी असे वर्ग होते, पुढे डी आला आणि १९५९ मध्ये ई. सगळ्यात गाजलेल्या राइड ई वर्गात. पुस्तिकेत ई कूपनं मोजकीच, म्हणून ती जपून वापरायची. ए आणि बी कूपनं उरलेली असायची म्हणून लोक लहान राइडवरही जायचे. १९८२ मध्ये ही पद्धत गेली आणि एका तिकिटात सगळ्या राइड हव्या तितक्या वेळा, हे सुरू झालं. ते सोयीचं होतं, पण मोठ्या राइडसमोरची रांग आवरणारी गोष्टही त्याबरोबर गेली.

मग १९९९ मध्ये फास्टपास आला. तो फुकट होता, सगळ्यांसाठी होता. राइडबाहेरच्या यंत्रात आपलं प्रवेश तिकीट घालायचं, चिठ्ठी यायची, तिच्यावर एक तासाची मुदत छापलेली असायची. त्या तासात परत या आणि दुसऱ्या वाटेने आत जा. एक चिठ्ठी घेतली की पुढची घ्यायला काही वेळ थांबावं लागायचं. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्कांत पुढे हे सगळं मनगटी पट्ट्यावर आणि फोनवर गेलं, घरी बसून कित्येक दिवस आधी आरक्षण करता येऊ लागलं. तरीही फुकटच.

२०२० मध्ये साथीमुळे पार्कं बंद झाली. उघडली तेव्हा फास्टपास नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात जिनी प्लस हा त्याच जलद वाटेचा विकतचा पास सुरू झाला, माणशी दिवसाला १५ डॉलर, आणि काही गाजलेल्या राइडचे पैसे त्याहून वेगळे. ऑक्टोबर २०२२ पासून किंमत दिवसागणिक बदलू लागली. जुलै २०२४ मध्ये नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रीमियर पास आला: वेळा निवडायच्या नाहीत, हवं तेव्हा जा, प्रत्येक राइडला एकदा. फ्लोरिडातल्या पार्कांत तेव्हा त्याची किंमत पार्क आणि दिवस पाहून १२९ ते ४४९ डॉलर होती, प्रवेश तिकीट सोडून.

मला बोलकं वाटतं ते हे: दुसरी वाट बांधली गेली ती फुकट सोय म्हणून. वीस वर्षं लोकांना तिची सवय झाली. रांगांच्या इमारती, नव्या राइडचे आराखडे, सगळं दोन वाटा धरून बनू लागलं. त्यानंतर त्या वाटेवर किंमत आली. पहिल्याच दिवशी "पैसे भरा आणि पुढे जा" असं कुणी म्हटलं असतं तर इतकं सहज चाललं असतं असं मला वाटत नाही.


लोलक

चकवा, यात एक जोडतो. फास्टपास फुकट होता तेव्हाही वरचा हिशेब लागू होताच. चिठ्ठ्या सगळ्यांना मिळत होत्या म्हणून जलद रांगेचा वाटा मोठा होता, आणि साध्या रांगा तेव्हाही लांबल्या. शिवाय चिठ्ठी खिशात ठेवून माणूस रिकामा बसत नाही, तो दुसऱ्या राइडच्या साध्या रांगेत जाऊन उभा राहतो. एकच माणूस एकाच वेळी दोन रांगांत. पार्कात माणसं तितकीच, पण रांगेतली माणसं वाढली. पूर्वी रांग नसलेल्या राइडवरही त्यामुळे रांगा लागू लागल्या.

तेव्हा फुकट म्हणजे निरुपद्रवी असं नव्हतं. फरक इतकाच की तेव्हा सकाळी ज्याची साधी रांग वाढायची त्यालाच दुपारी चिठ्ठीचा फायदा मिळायचा. देणारा आणि घेणारा तोच. आता ते दोघे वेगळे झाले.


झुळूक

"देणारा आणि घेणारा तोच" हेच मला मूळ लेखात म्हणायचं होतं आणि नीट सांगता आलं नव्हतं. धन्यवाद.

पाटीपेन्सिल यांचा मुद्दा मी मनापासून मानते. रांगही सगळ्यांना सारखी नसते. पण पैशांचा मार्ग उघडला की पार्कच्या हिताची दिशा बदलते, याची मला जास्त काळजी वाटते. पास खपतो तो साधी रांग लांब असते म्हणून. रांग दहा मिनिटांची असेल तर कोण घेईल? म्हणजे तिसरी गाडी रुळावर आणणं, फलाटावर चार माणसं वाढवणं, नवी राइड उभी करणं, ज्या ज्या गोष्टीने रांग खरोखर घटते ती ती गोष्ट पासाच्या विक्रीला मारक. कुणी मुद्दाम राइड हळू चालवतं असा माझा आरोप नाही. पण रांग कमी करायची तळमळ तिथे कुठून येणार?


तिसरी_घंटा

थांबणं आपल्याला कसं वाटतं यावर बराच अभ्यास झालेला आहे आणि तो इथे उपयोगी आहे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिलं. काही करायला नसेल तर वेळ लांबतो. किती थांबायचं हे ठाऊक नसेल तर लांबतो. कारण कळलं नाही तर लांबतो. आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं तर फार लांबतो. एमआयटीतले रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये याच अंगाने मांडलं की मागून आलेला पुढे गेलेला दिसला की माणसाचा संताप मिनिटांच्या हिशेबात बसत नाही. थांबणं कमी असूनही त्याला ते जास्त जाचतं.

पार्कवाल्यांना हे पक्कं माहीत आहे. रांगेला वळणं देणं, भिंतींवर गोष्ट उलगडत नेणं, राइडच्या आधी एखादी खोली किंवा छोटा खेळ ठेवणं, हे सगळं त्यातूनच आलं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कात डंबोची राइड आहे, उडत्या हत्तीत बसून गोल फिरायची. तिचं २०१२ मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा एकाऐवजी दोन फिरती चाकं केली आणि मुलांना रांगेत उभं करण्याऐवजी खेळायला मोठा तंबू दिला. याला मी खरा उपाय म्हणते. आसनंही वाढली आणि थांबणंही सुसह्य झालं.

जलद वाट भिंतीपलीकडून का नेतात, याचं उत्तरही इथेच आहे. दोन रांगा शेजारून गेल्या तर प्रत्येक पुढे जाणारा दिसतो. खलाशींनी सांगितलेली मुलं प्रश्न विचारतात ते मर्जवर, कारण तिथे लपवता येत नाही.


मृद्गंध

इथे एक बाजू राहिली आहे आणि ती मला लिहायलाच हवी. माझा मुलगा स्वमग्न आहे. बंदिस्त, वळणावळणाच्या, गोंगाटाच्या रांगेत तो राहू शकत नाही. कंटाळा येतो म्हणून नाही. त्याला ते सहन होत नाही आणि मग त्याला सावरायला आमचा सगळा दिवस जातो.

अशा मुलांसाठी डिस्नेकडे डीएएस (डिसेबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस) ही सोय आहे. नीट समजून घ्या, त्यात रांग चुकत नाही. साधी रांग ५० मिनिटांची असेल तर साधारण तितक्याच वेळानंतरची वेळ मिळते. तोपर्यंत आम्ही शांत जागी बाहेर थांबतो. थांबतो मात्र तितकंच. आत जाताना जलद वाटेने जातो, म्हणून बघणाऱ्याला आम्ही पास घेतलेलेच वाटतो. किंवा त्याहून वाईट, फसवून आलेले. मुलगा दिसायला इतर मुलांसारखाच आहे, त्यामुळे लोकांच्या नजरा बोचतात.

२०१३ मध्ये बातम्या आल्या होत्या की काही श्रीमंत कुटुंबं अपंग व्यक्तींना पैसे देऊन बरोबर नेतात आणि त्यांच्या सवलतीवर रांग टाळतात. त्या वर्षी आधीची पद्धत बदलून हे डीएएस आलं. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले. आता ते प्रामुख्याने स्वमग्नता किंवा तशा विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. इतर आजार असणाऱ्या कित्येकांना, ज्यांना आधी ही सोय मिळत होती, दुसरे पर्याय सांगितले जातात.

मी हे इथे का लिहितेय? जलद वाटेवर जितकी मोठी किंमत लागते, तितका खोटं सांगून ती वाट मिळवण्याचा मोह वाढतो. मोह वाढला की तपासणी वाढते. आणि ती तपासणी, ते प्रश्न, "तुमचं मूल नेमकं का थांबू शकत नाही ते सांगा", हे आमच्या वाट्याला येतं. मुलाच्या समोर, एका अनोळखी माणसाला, त्याला काय काय जमत नाही याची यादी वाचून दाखवायची. झुळूक म्हणतात की पासाची किंमत साध्या रांगेतला माणूस भरतो. त्यातली थोडी आम्हीही भरतो.


पाटीपेन्सिल

मृद्गंध, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. जलद वाटेने जाणाऱ्यांत तुमच्यासारखे पालक असतील हे यापुढे लक्षात राहील.


आडवाटेने

मृद्गंध यांच्या प्रतिसादावरून सुचलं. वेळ घेऊन बाहेर थांबणं आणि इतरांच्या पुढे जाणं या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत आणि विक्री करताना त्या एकाच नावाखाली येतात. ऑर्लँडोतलं युनिव्हर्सलचं व्होल्केनो बे हे जलउद्यान २०१७ मध्ये उघडलं तेव्हा मनगटी पट्ट्यावर नंबर लावायची सोय प्रवेशातच होती. क्रम तोच, फक्त उभं राहायचं नाही. सिक्स फ्लॅग्जच्या फ्लॅश पासमध्ये साध्या पायरीपासून महागड्या पायरीपर्यंत हा फरक स्पष्ट दिसायचा: खालच्या पायरीत बाहेर थांबण्याचे पैसे, वरच्या पायऱ्यांत थांबणं कमी करण्याचे. पहिल्याला माझी मुळीच हरकत नाही. तो तर सगळ्यांना द्यायला हवा, अट एकच, एका वेळी एकाच राइडचा नंबर लावता आला पाहिजे. नाहीतर लोलक म्हणतात तसं माणूस दोन रांगांत उभा राहतो.


लोलक

आता एक विचित्र वाटेल अशी गोष्ट. चकवा यांनी सांगितलेल्या त्या ४४९ डॉलरच्या पासावर सगळ्यात जास्त संताप होतो. मलाही तो आकडा वाचून धक्का बसला होता. पण हिशेबाने पाहिलं तर साध्या रांगेला त्याचा त्रास सगळ्यात कमी. इतका महाग पास मोजकेच घेतात. वर दिलेल्या उदाहरणात जलद रांगेतून पाचच टक्के आले, तर साध्या रांगेतल्याला ३० ऐवजी साधारण ३१ मिनिटं लागतात.

खरा भार टाकतो तो स्वस्त, सहज घेण्याजोगा पास. २०२१ च्या वर्षअखेरीच्या सुट्ट्यांबद्दल डिस्नेनेच नंतर सांगितलं होतं की त्या काळात त्यांच्या अमेरिकेतल्या पार्कांत निम्म्याहून अधिक पाहुण्यांनी जिनी प्लस किंवा एखाद्या राइडची लाइटनिंग लेन विकत घेतली. निम्म्याहून अधिक! तिथे तो पास ऐच्छिक उरतच नाही. घेतला नाही तर तुम्ही त्या उरलेल्या लोकांत, ज्यांच्यावर सगळा भार. म्हणून आणखी लोक घेतात, म्हणून भार आणखी वाढतो. प्रत्येक जण आपल्या परीने शहाणपणाचंच वागतो आणि शेवटी बहुतेकांनी पैसे भरलेले असतात आणि जलद रांगही जलद राहत नाही.

माझं मत: पास असावा, महाग असावा, आणि थोडे विकावेत. दिवसाला किती विकले ते दारावर लिहावं.


चकवा

महाग असावा हे पटत नाही. मग ते पाच टक्के नेहमी तेच लोक असणार. संख्या मर्यादित ठेवायची तर सोडत काढा, किंवा प्रत्येक तिकिटामागे एक जलद फेरी द्या. ई कूपनांसारखं. प्रत्येकाने ती कुठे वापरायची ते ठरवावं.


लोलक

प्रत्येकाला एक फेरी दिली तर जवळपास सगळे ती सगळ्यात गाजलेल्या राइडवर वापरणार, आणि तिथला वाटा पुन्हा ७०-८० टक्के. ई कूपनं चालली कारण कूपनाशिवाय त्या राइडवर बसताच येत नव्हतं. सोडतीचा विचार मात्र चांगला आहे.


चकवा

बरोबर. मग प्रवेशच कमी लोकांना द्या. त्याशिवाय यातलं काहीही मुळाशी जात नाही.


झुळूक

प्रवेश कमी द्यावा हे मलाही शेवटचं उत्तर वाटतं, पण त्याने तिकीट महागेल आणि काही लोक दाराबाहेरच राहतील. पाटीपेन्सिल यांच्या आई आणि मृद्गंध यांचा मुलगा आत असले पाहिजेत, हे धरूनच मी विचार करते. लोलक यांची "आकडा दारावर लिहा" ही मागणी मला सगळ्यात आधी हवी आहे. राइडबाहेरच्या पाटीवर मिनिटं लिहितात. त्याच पाटीवर, या तासात किती टक्के आसनं जलद रांगेला दिली, हेही लिहिता येईल. खलाशी म्हणतात तशी ती दर तासाला बदलते, मग दर तासाला बदलून लिहा. मिनिटांचा आकडा बदलतातच की.


नवी_पालवी

सगळे प्रतिसाद वाचले. आम्ही लवकरच पहिल्यांदाच एका मोठ्या पार्कात जाणार आहोत, एकच दिवस आहे, बरोबर सहा आणि दहा वर्षांची मुलं. पास घ्यावा की नाही, कसं ठरवू? आणि नाही घेतला तर दिवस वाया जाईल का?


आडवाटेने

वाया जाणार नाही. फाटक उघडायच्या आधी पोहोचा आणि सगळ्यात गाजलेली राइड पहिल्या तासात करा. त्या वेळी दोन्ही रांगा लहान असतात, पासाचा फरक पडत नाही. दुपारी गर्दी वाढली की कार्यक्रम, मिरवणूक आणि ज्या राइडचे डबे न थांबता फिरत राहतात त्या. डिस्नेच्या हॉन्टेड मॅन्शनसारख्या (भुताचा वाडा) राइडमध्ये माणसं सरकत्या पट्ट्यावरून चालत्या डब्यात बसतात. तासाला प्रचंड लोक जातात, तिथे पासावर पैसे घालू नका. शेवटचा तास पुन्हा मोठ्या राइडसाठी ठेवा. बऱ्याच पार्कांत बंद होण्याच्या वेळेआधी रांगेत शिरलात तर बसू देतात, पण तिथला नियम आधी विचारा.

सहा वर्षांच्या मुलाला उंचीमुळे काही राइडवर घेणार नाहीत. तेव्हा पालकांच्या अदलाबदलीची सोय विचारा. एक जण बसून येतो, दुसरा लहान मुलाजवळ थांबतो, मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि अनेकांना हे ठाऊकच नसतं. उरलेल्या सुट्या आसनांवर एकट्याने बसायची वेगळी रांग असते, ती लहान मुलांबरोबर उपयोगाची नाही, ती विसरा.

पास घ्यायचाच तर आधी मुलांच्या उंचीत बसणाऱ्या राइडची यादी करा. यादीत तीनच राइड उरल्या तर दिवसभराच्या पासाऐवजी एखाद्या राइडचा सुटा पास मिळतो का ते बघा.


खलाशी

आडवाटेने यांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे. त्यात माझी थोडी भर.

दारावर आकडा लिहिलेला नाही, पण तो बाहेर उभं राहून बराचसा मोजता येतो. बऱ्याच राइडच्या दोन वाटा तोंडाशी शेजारी असतात. पाच मिनिटं थांबा आणि जलद वाटेने किती माणसं आत जातात ती मोजा. बाराने गुणलं की तासाचा आकडा. मग तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, गाडीत किती आसनं आहेत आणि आज किती गाड्या रुळावर आहेत. आम्हाला असे प्रश्न कुणी विचारले की बरं वाटायचं, बहुतेक जण आनंदाने सांगतात. कोस्टर बाहेरून दिसत असेल तर दोन गाड्या सुटण्यामधलं अंतर घड्याळावर बघा. आसनं आणि अंतर कळलं की तासाला किती माणसं बसतात ते निघतं. त्यातून जलद वाटेचा आकडा वजा करा. उरतात त्या तुमच्या जागा.

त्या जागा निम्म्याहून जास्त असतील तर निर्धास्तपणे साध्या रांगेत शिरा. पाटीवरची मिनिटं तेव्हा बऱ्यापैकी खरी ठरतात, कारण राइड थोडी मंदावली तरी तुम्हाला फार फटका बसत नाही. पावच उरत असतील तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, मुलांना घेऊन तिथे आत्ता उभं राहू नका, संध्याकाळी या. आणि राइड नुकतीच बंद पडून सुरू झाली असेल तर अर्धा तास तिच्याकडे फिरकूच नका.